पाठीवरची म्हातारी

अनिएल्लोची कुदळ थांबली, की पाँपेईच्या त्या खोदकामावर सगळ्यांच्याच कुदळी थांबत. राखेखाली पोकळी आहे की नाही, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर फुटला, माणसं राखेत गाडली गेली, राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं आणि उरली ती माणसाच्या आकाराची पोकळी. वरून भोक पाडून तिच्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की भोवतालची राख काढायची. मग माणूस पडला तसाच्या तसा हाती लागतो. सतरा वर्षं अनिएल्लो हेच करत आला होता. ओतण्याआधी तो टोपी काढी, राखेवर तीनदा टकटक करी आणि म्हणे, "येऊ का आत?" परक्याच्या घरात शिरताना विचारायला नको?

"आणि आतून खरंच कुणी 'या' म्हटलं तर रे?" त्याच्याच गावचा जोडीदार साबातीनो चिडवी.

"तर तुला पुढे करीन. तुझं थोबाड बघून दार परत लावून घेतील."

त्या दिवशी मात्र थट्टा अर्धीच राहिली, कारण जमीन हलली. जरासंच. एरवी इथे कुणी ताटावरूनही उठलं नसतं. पण नव्या पोकळीवरचं राखेचं छत आधीच पातळ होतं, त्याला बोटभर चीर पडली. त्यात समुद्राकडून आभाळ भरून आलेलं. पाणी चिरेत शिरलं की छत बसणार आणि आतला माणूस कायमचा गेला.

"चल, कालव!" अनिएल्लो ओरडला. प्लास्टरच्या सहाच गोण्या होत्या. एका माणसाला तीन पुरतात.

घमेल्यामागून घमेलं आत जाऊ लागलं. मध्ये थांबायची सोय नाही, थांबलं की प्लास्टर घट्ट होतं आणि पुढचं धरत नाही. तीन गोण्या संपल्या, पोकळी भरेना. चार संपल्या. तरी भरेना.

"बंद करा!" देखरेखीचे ओत्ताविओ साहेब धावत आले. "खाली जुनं गटार असणार. सगळं त्यात चाललंय. उरलेल्या गोण्यांना हात लावायचा नाही!"

"साहेब, गटार नाही. आत आणखी कुणीतरी आहे."

"तुला काय स्वप्न पडलं?"

अनिएल्लोनं जमिनीला कान लावला. गटारात गेलेलं प्लास्टर सरसरत वाहतं. इथे मात्र आतून गुडगुड येत होती, भरत आलेल्या घागरीसारखी. म्हणजे कोंडलेली हवा बाहेर येतेय, जागा बंद आहे. हे सगळं साहेबांना समजावत बसायला वेळ कुठला? पावसाचा पहिला थेंब त्याच्या मानेवर पडला.

"साबातीनो, पाचवी फोड."

"अरे, नोकरी जाईल मेल्या!"

"जाऊ दे. अर्धवट नाही सोडणार मी. एकदा सोडलंय."

साबातीनोनं गोणी फोडली. काय सोडलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. एकोणीसशे चव्वेचाळीस साली डोंगरानं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा दोघांनी मिळून गावच्या संताची मूर्ती खांद्यावर घेतली होती. लाव्हा आला की संताला त्याच्यासमोर नेऊन उभं करायचं, ही तिथली रीतच. अनिएल्लोची आई पायानं अधू. "आधी देवाला ने, मी शेजाऱ्यांच्या गाडीतून येते," असं तीच म्हणाली. शेजाऱ्यांना वाटलं, मुलगा नेईल. मूर्ती वाचली. गल्ली मात्र दगडाखाली गेली आणि आईचं नखसुद्धा मागे राहिलं नाही. राख निदान आकार तरी ठेवते हो, लाव्हा तेवढंही ठेवत नाही.

साबातीनोनं सहावी गोणीही कालवायला घेतली. साहेबांचा तोंडाचा पट्टा चालूच होता. पावसानं जोर धरला, तसा अनिएल्लो आपला कोट पसरून चिरेवर आडवा झाला आणि पडल्या पडल्याच एका हातानं ओतत राहिला. शेवटचं घमेलं. आणि भोकाच्या तोंडाशी पांढरं वर आलं, काठोकाठ.

"भरलं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी त्यानंच थापीनं राख काढली. आधी एक वाकलेली पाठ दिसली, पुरुषाची. मग त्या पाठीवर दोन काटकुळे पाय. मग त्याच्या गळ्यात घातलेले हात आणि खांद्यावर टेकलेलं, दात नसलेलं म्हातारं तोंड. पुरुषानं मरतानाही तिच्या पायांची पकड सोडली नव्हती.

ओत्ताविओ साहेब वही घेऊन आले. गोण्यांचा विषय त्यांनी काढला नाही. "दोन व्यक्ती," ते लिहू लागले.

"आई आणि मुलगा लिहा," अनिएल्लो म्हणाला.

"कशावरून? नोकरही असेल. पुरावा काय?"

"मी माझ्या आईला पाठीवर घेतलं नाही, साहेब. हा दिसला आणि मला कळलं."

साहेबांनी पेन तसंच धरून ठेवलं. साबातीनोनं टोपी काढली आणि खाली बसून म्हातारीच्या पायांवरची राख हातानं पुसू लागला.