पिंगळ्याची उजवी बाजू

दिगंबर मोघे यांच्या प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ती चित्राच्या आधी आखली जाते. तिच्यात चार घरं: विषय, दिनांक, काढले, तपासले. पळसाची फांदी असो, सिंहगडाच्या उतारावरचा तेरडा असो किंवा मुठेकाठचा बगळा असो, चौकट तीच. मोघे पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. तिथे साध्या बोल्टचं ड्रॉइंगसुद्धा दुसऱ्या माणसाने तपासून सही केल्याशिवाय पुढे जात नसे. निवृत्तीनंतर हातात जलरंग आले, सवय तीच राहिली.

‘तपासले’च्या घरात त्यांच्या पत्नी मंदाकिनी सही करत. सही म्हणजे नुसतं ‘मं’. ते सहजासहजी मिळत नसे. तेरड्याच्या चित्रावर त्या बराच वेळ वाकून बसल्या होत्या.

“फुलाची मागची शेपटी कुठाय?”

“बारीक असते. दिसत नाही.”

“मला दिसते.”

मोघ्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा सिंहगड गाठला. शेपटी होती.

मंदाकिनी गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. नंतरच्या सगळ्या चित्रांत ते घर कोरं आहे. मूलबाळ नाही. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या विकून दोघं वारज्याला आली होती, त्यामुळे जुने शेजारीही लांब पडले. फोन येतात ते बहुतेक गॅसच्या नोंदणीचे किंवा कर्ज हवंय का विचारणारे. गुडघ्यामुळे सिंहगड बंद झाला, मग नदीही. उरली ती बाल्कनी आणि समोरचा गुलमोहर.

गुलमोहर सोसायटीच्या ए आणि बी या दोन इमारतींच्या मधोमध आहे. त्याच्या एका वाळक्या फांदीला ढोली आहे आणि ढोलीच्या तोंडाशी एक पिंगळा बसतो. पिंगळा म्हणजे मुठीएवढं ठिपक्याठिपक्यांचं घुबड. तो फाटकाकडे तोंड करून बसतो, म्हणजे ए विंगमध्ये राहणाऱ्या मोघ्यांना त्याची डावी बाजू दिसते. सकाळी ऊन फांदीवर आलं की तो बाहेर येई, मान थोडी इकडे वळवी आणि एका पिवळ्या डोळ्याने बाल्कनीकडे बघत राही. मोघे चहा घेऊन बसत. पक्षी सहसा माणसाची नजर सहन करत नाहीत. हा करत होता. तो आपल्याकडे बघतो, असं मोघ्यांनी धरून चालायला हळूहळू सुरुवात केली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी नव्हतंही.

त्यांनी त्याची पुष्कळ रेखाटनं केली. शेवटी एक मोठं चित्र करायला घेतलं, अगदी समोरून, पूर्ण चेहरा. अडचण एकच होती: तो पूर्ण समोर कधी आला नाही. वळला तर थोडासाच वळे, नाहीतर एकदम डोकं फिरवून पाठ दाखवी. मोघ्यांनी कारखान्यातली पद्धत वापरली. कागदावर मध्यरेषा मारली, डावी बाजू पाहून काढली आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून उजवी उतरवून घेतली. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या वस्तूचं ड्रॉइंग असंच करतात. त्यात वेळ वाचतो आणि चूक होत नाही.

भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीत रहिवाशांच्या कलाकृती मांडायचं ठरलं. सेक्रेटरी सुदर्शन चित्र मागायला आला.

“काका, तुमचं एखादं द्या. नाहीतर पोरांचे डोंगर आणि त्यामागचा सूर्य, एवढंच होतं दरवर्षी.”

“पोरांचा सूर्य तरी पूर्ण असतो का?”

“अर्धाच असतो. म्हणून तर तुमच्याकडे आलोय.”

मोघ्यांनी पिंगळा दिला. हॉलमध्ये तो एका थर्माकोलच्या किल्ल्याशेजारी लागला. लोक आरतीला आले की त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. ‘मस्त’ म्हणत. मोघे मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी बी विंगमधल्या शालन वानखडे आल्या. अकोल्याला शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आल्या. मुलगा आणि सून आयटीत, दिवसभर बाहेर. बाईंनी चष्मा वर केला, चित्र पाहिलं, चौकट वाचली.

“हा आपल्या गुलमोहरावरचा का?”

“हो,” मोघे मागून म्हणाले.

“नाही बाप्पा. त्याला उजवा डोळा नाही.”

मोघे उठून उभे राहिले. “दोन वर्षं पाहतोय मी त्याला.”

“मीही पाहते. माझ्या बाजूला खोबण आहे नुसती. आमच्याकडं बघायचं म्हटलं की त्याला अख्खी मान फिरवावी लागते. म्हणून बिचारा तुमच्याचकडं मान वळवून असतो. त्याला तेवढंच दिसतं.”

सुदर्शन जवळच प्रसादाची पाकिटं मोजत होता. तो म्हणाला, “काकू, लोकांना कुठं कळतंय? राहू द्या ना, छान आहे.”

“छान आहेच,” बाई म्हणाल्या. “चूक आहे, एवढंच.” आणि प्रसाद घेऊन गेल्या.

आरती सुरू व्हायच्या आधी मोघ्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं.

घरी येऊन त्यांनी तीन वर्षांतली सगळी चित्रं पलंगावर पसरली. फुलपाखरं, गोकर्णीची फुलं, पिंपळाची पानं, एक चतुर. बहुतेकांवर पुसट मध्यरेषा होती. त्यातली कोणती बाजू पाहून काढली आणि कोणती उलटवून घेतली, हे आता त्यांनाही सांगता येईना. फुलपाखराचा एक पंख फाटका असेल, पानाची एक कड किड्याने खाल्ली असेल. मंदाकिनी असताना त्यांनी ट्रेसिंग पेपर कधी उलटा केला नव्हता. केला असता तर पकडले गेले असते.

विसर्जन झालं. हॉल रिकामा झाला. पिंगळा सकाळी येऊन बसत होता आणि मोघे बाल्कनीत जात नव्हते. चित्र दुरुस्त करायचं तर उजवी बाजू पाहायला हवी आणि उजवी बाजू फक्त बी विंगमधून दिसते. एवढ्या वर्षांत बी विंगचा जिना ते एकदाही चढले नव्हते. शेवटी एका सकाळी पाठकोरा कागद, पेन्सिल आणि घडीचं स्टूल घेऊन त्यांनी वानखड्यांची बेल दाबली.

“आपली हरकत नसेल तर गॅलरीतून जरा पाहायचं होतं.”

“या. स्टूल कशाला आणलं? आमच्याकडं खुर्च्या आहेत.”

पिंगळा बाहेरच होता. उजव्या बाजूला डोळ्याच्या जागी राखाडी, आत ओढलेला खळगा होता आणि त्याच्याभोवतीची पिसं एका दिशेने चिकटलेली होती. मोघ्यांनी स्टूल टाकलं, चौकट आखली आणि काढायला लागले. पक्ष्याला ते दिसत नव्हते. त्याच्या मानेवरून पलीकडे ए विंगमधली स्वतःची बाल्कनी, दोन खुर्च्या आणि बाजूची स्वयंपाकघराची खिडकी मोघ्यांना दिसत होती. ही खिडकी त्यांनी बाहेरून कधी पाहिली नव्हती. पडदा नव्हता. ओटा, कुकर, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी चहा आणून ठेवला आणि त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं.

“तुम्ही उभ्यानं जेवता, मोघेभाऊ.”

मोघ्यांनी पेन्सिल थांबवली नाही. “भांडी कमी लागतात.”

“पातेल्यातूनच खाल्लं की लागतात कशाला.”

बाई आत गेल्या आणि टीव्ही लावला. तो बहुधा दिवसभर नुसता चालूच राहत असावा, कारण बातम्यांकडे त्या बघत नव्हत्या.

त्या दुपारी मोघ्यांनी ताट घेतलं आणि टेबलाशी बसून जेवले. टेबल बी विंगमधून दिसत नाही.

आठवड्याभराने ते रंगवलेलं चित्र घेऊन पुन्हा गेले. चित्रात आता दोन अर्ध्या बाजूंची जोड नव्हती. उजव्या बाजूने दिसलेला पक्षी तेवढा होता. त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं आणि चौकटीतल्या शेवटच्या घरावर बोट ठेवलं.

“इथं आपली सही हवी होती.”

“इथं कोण करत होतं?”

“आमच्या घरी करायच्या.”

बाईंनी चष्मा लावला, चित्र उचलून गॅलरीत गेल्या आणि एकदा झाडाकडे, एकदा कागदाकडे असं पाहत राहिल्या. मोघे आत उभे होते. कारखान्यात चेकरच्या टेबलासमोर उभे राहत, तसे हात मागे बांधून.

“हा मिटलेला डोळा झाला,” बाई म्हणाल्या. “मिटलेला वेगळा आणि नसलेला वेगळा. आणि फांदीला खालून गाठ आहे, ती खाल्लीत तुम्ही.”

“गाठ सावलीत होती.”

“मला दिसते. परत करून आणा.”

मोघ्यांनी चित्र गुंडाळलं. जिना उतरताना कठड्याला धरून ते मधल्या वळणावर थोडे थांबले. मग घरी जाऊन त्यांनी नवा कागद बोर्डाला लावला.

त्यानंतर आणखी एक चित्र परत आलं आहे. त्यात पिसांची दिशा चुकली होती. ‘तपासले’चं घर अजून कोरं आहे. ऊन गुलमोहरावर आलं की मोघे कागद काखेत धरून पार्किंग ओलांडतात आणि बी विंगचा जिना चढतात. स्टूल आता ते नेत नाहीत.