सरूबाईच्या गोठ-पाटल्या

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. देवाजवळ तर मुळीच नाही — त्याच्यापुढे बसून मी नेहमी दुसरंच काही मागत आलो. तुम्ही जवळचे, म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय. पण सरळ सांगता येईल का? बघू.

आता मी अकोल्याला मुलाकडे असतो. पण ही गोष्ट अमरावतीची, कापसाच्या तेजीतली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं जाऊ लागला. शेतकऱ्यांच्या घरी दागिने आले, दागिन्यांमागून चोरांची भीती आली, आणि भीतीमागून मुंबईच्या एका मोठ्या बँकेनं कापूसबाजाराशेजारी कचेरी थाटली. मला थोडं इंग्रजी येत होतं. तेवढ्यावर मी साहेबाच्या हाताखाली कारकून झालो. काय ताठा चढला होता मला! चालताना पागोटंसुद्धा हलू द्यायचो नाही.

लोक दागिन्यांच्या पेट्या आणून ठेवायचे. ठेवताना सगळं गोड. नेताना मात्र ज्यानं ठेवलं त्यानंच साहेबासमोर उभं राहायचं. भाऊ चालत नसे, मुलगा चालत नसे, बायको तर नाहीच. मोर्शीकडचे एक पाटील मिशांना पीळ देत पेटी ठेवून गेले. पुढे त्यांचे वडील वारले. डोकं-मिशा उतरवून पाटील पेटी न्यायला आले, तर साहेब त्यांना ओळखेचना! मिशा वाढेपर्यंत थांबा, असं मीच त्यांना सांगितलं. पाटील अंगणात जाऊन गरजले, "आमचंच सोनं, अन् आमालेच पुसून राहिले, तू कोन? हे ब्यांक हाये का कोतवाली?" सारं अंगण हसलं. मीही हसलो. दुसऱ्याची अडवणूक बघायला किती मजा येते — नाही?

त्याच अंगणातल्या निंबाखाली सरूबाई येऊन बसायची.

तिचं गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे. कापसाच्या गाड्या निघाल्या की त्यांच्याबरोबर यायची, दिवसभराची वाट तुडवून. तिच्या नवऱ्यानं, नथ्थूजीनं, पहिल्या तेजीत तिला गोठ-पाटल्या घडवल्या होत्या. तिनं त्या एका दिवाळीला घातल्या, आणि मग चोरांच्या धाकानं त्यानं पेटी आमच्याकडे आणून ठेवली. पुढे त्याची उजवी बाजू गेली. खाटेवरून उठणं संपलं. आणि त्याचं एकच मागणं होतं — त्या गोठ-पाटल्या बायकोच्या हातांत एकदा पुन्हा बघायच्या.

"त्यायले दुसरं काईच नाई पायजे, भाऊ," ती म्हणायची. "म्हनते, एकडाव घालून समोर बस. बाकी मंग काई झालं तरी चालते."

भाऊ! मला ती भाऊ म्हणायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तिच्याबद्दल काही भलतं मनात आणणार नाही.

तिला नियम सांगायचं काम माझं. मी सांगायचो — घरधनी स्वतः आले पाहिजेत. ती म्हणायची, खाटेवरचा माणूस गाडीत घातला तर वाटेतच जाईल. मी म्हणायचो, बाई, मी काय करू, साहेबाचा हुकूम. मग ती भांडायची नाही. निंबाखाली बसायची, गाड्या परत निघेपर्यंत. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर यायचो. ती पदरातला ओला हरभरा पुढे करायची आणि नवऱ्याबद्दल बोलायची. तो पेरताना कसा गायचा, भांडला की कसा गोठ्यात जाऊन झोपायचा, आता बोबडं बोलतो तरी तिला कसं सगळं समजतं. नाव कधी घेतलं नाही तिनं. नुसतं 'त्यायले', 'त्यायनं'. आणि त्या एवढ्याशा शब्दात इतकं काही असायचं की मी हरभरा सोलायचा विसरायचो.

माझ्या घरी बायको होती. चांगली होती. मला वेळेवर जेवू घालायची. पण मी घरी नसताना माझ्याबद्दल कुणाशी कधी असं बोलली असेल का? आणि मी तरी बोलण्यासारखा कुठे होतो? त्या निंबाखाली बसून मला पहिल्यांदा कळलं की माणसाला असंही कुणाचं होता येतं. मला ते हवं होतं. सरूबाई हवी होती असं म्हणू? म्हणतो. लाजतो, पण म्हणतो. गाड्यांची घुंगरं वाजली की माझी लेखणी थांबायची. ती आली नाही की सगळा दिवस अळणी जायचा.

आता ते सांगतो. किती वेळ टाळणार?

साहेब दगड नव्हता. अगदी सुरुवातीलाच त्यानं मला बजावलं होतं — कुणी अंथरुणाला खिळलेला असेल तर तू त्याच्या गावी जा, डोळ्यांनी बघ, गावातल्या दोन जाणत्या माणसांना विचार, त्याचा अंगठा घेऊन ये. मी पेटी देईन. घोडंसुद्धा देईन म्हणाला होता. सरूबाई पहिल्यांदा आली त्या दिवशीच मला हे आठवलं होतं. विसरलो नव्हतो मी. साहेबाच्या कानावर नथ्थूजीचं नाव मी घातलंच नाही.

पेटी दिली तर ती पुन्हा कशाला येईल?

बस. एवढंच कारण. दर वेळी मी ठरवायचो, आज नको, पुढल्या खेपेला सांगू. पुढल्या खेपेला ती पदर सावरत फाटकातून यायची आणि मी म्हणायचो — आणखी एकच खेप.

माघात एका दुपारी ती निंबाखालीच बसली होती. मी तिच्याजवळ उभा होतो. तिचा धाकटा दीर घोड्यावरून आला. लगाम हातात धरूनच उतरला. "वयनी, चाला," म्हणाला. "दादा सकाळी गेला." ती उठली नाही. त्यालाच विचारलं, "कोन होतं जवळ?" तो म्हणाला, "मी होतो. तुमालेच हाका मारून राहिला होता."

तो हाका मारत होता तेव्हा ती कुठे होती? माझ्या अंगणात. माझ्यासाठी.

दिवसकार्य झाल्यावर दीर पंचांना घेऊन पेटी न्यायला आला. मेलेल्या माणसाची बँकेला काही अडचण नव्हती. सकाळी आला, दुपारच्या आत पेटी हातात. सरूबाई बरोबर होती. कपाळ मोकळं. दिरानं पेटी उघडून दाखवली, तिनं गोठांवर एक बोट टेकवलं आणि काढून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"तुमी लय केलं आमच्यासाठी, भाऊ," म्हणाली. "दर खेपेले उन्हात येऊन उभे राह्यले. कोन करते एवढं?"

मी काय म्हणालो असेन? 'त्यात काय, माझं कामच ते' — असं म्हणालो. हसून म्हणालो. तिनं हात जोडले, तो नमस्कारही मी घेतला.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मला रडू आलं. साहेबाला वाटलं, कारकून मोठा हळवा आहे. पण नथ्थूजीसाठी नव्हतो मी रडत. तिच्यासाठीही नाही. आता ती कधीच येणार नाही, म्हणून रडत होतो.