मास्तरांची गुहा

"विहिरीत उतरता का, बाई?" माझ्या पिशवीतून डोकावणारी दोरी पाहून कुरखेड्याच्या एसटीतल्या कंडक्टरने विचारलं.

"गुहेत," मी ऐटीत म्हटलं. बेचाळीसच्या चळवळीत पोलीस मागावर असताना एक मास्तर इथल्या डोंगरात, वाघाच्या गुहेत महिनाभर लपले होते. ते गेल्याच वर्षी वारले. उद्या, पंधरा ऑगस्टला, त्या गुहेपुढे पहिल्यांदाच झेंडा लागणार होता.

फाट्यावर उतरले आणि दुसऱ्याच पावलाला चिखलाने माझी चप्पल गिळली. मला न्यायला आलेल्या सरपंचभाऊंनी ती उपसून दिली, घरी नेऊन भात आणि तळ्यातल्या मासोळ्यांचं झणझणीत कालवण वाढलं. मग गुहा दाखवली. अहो, कसली गुहा! शेळीही मावणार नाही अशी खडकाची कपार.

"मास्तर बारीक होते," सरपंच म्हणाले.

मागून कोणी तरी खो खो हसलं. ती मैनाबाई, गावातली सर्वांत वडील. लपलेल्या मास्तरांना भात पोचवला म्हणून उद्या तिचा सत्कार होता.

"चाल बाई, खरी गुहा पाह्य."

गावाबाहेर एक बुटकी झोपडी होती, कुरमाघर (पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची जागा). पुरुष त्या वाटेला जात नाहीत. सरपंच लांबच थांबले.

"इथी होता मास्तर," मैनाबाई म्हणाली. "पायाले गोळी लागली होती. पोलिसायनं सारं गाव उलटं केलं. इथी आले तं मी दारात उभी. म्हणलं, या साहेब, आत पाळीच्या बाया हायेत. असे पळाले!"

"पण महिनाभर?"

"आत कोणी ना कोणी बाई पाह्यजेच ना! त्या महिन्यात गावातल्या बायायले दोन-दोनदा पाळी आली. नवऱ्यायची विचाराची हिंमत नाई झाली!" डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "माही जाऊ, सोनी. मास्तर कुठी हाय सांग म्हणून तिले बंदुकीच्या दांड्यानं हाणलं. तिनं तोंड नाई उघडलं. त्याच पावसाळ्यात गेली."

"मग ती गुहा?"

"मास्तरानंच सांगतली. बायायच्या कुरम्यात लपलो, असं कसं सांगन? तो जिता होता तवरी त्याची लाज राखली. आता सोनीची राखाची हाय." तिने वळून हाक दिली, "भाऊ, झेंडा इथी लागन! नाई तं तुमचा सत्कार त्या कपारीले घाला!"

सरपंचांचा चेहरा पडला. "बाई, माणसं येनार नाई इथी."

"नोका येऊ."

सकाळी बायकांनीच खड्डा खणून बांबू रोवला. पुरुष दूर मोहाच्या झाडाखाली घुटमळत होते. मैनाबाईने दोरी धरली, पण ओढेना. मोहाकडेच बघत राहिली.

तेवढ्यात सरपंचांनी चपला काढल्या आणि चालू लागले. त्यांच्यामागून एकेक करत सारे आले.

"सोनीच्या नावानं!" मैनाबाई ओरडली आणि झेंडा वर गेला. अभिमानाने मला रडूच फुटलं. मी ते लपवलं नाही.

परतीच्या एसटीत माहेर आठवलं. 'कावळा शिवला' की मला कोपऱ्यात बसवायचे आणि ते शेजारणीच्या कानात सांगायचे. मी तिथे नुसती धुमसत बसायचे. या बायकांनी मात्र त्याच कोपऱ्यातून इंग्रज सरकारच्या तोंडाला पानं पुसली.

"पाह्यली का गुहा?" कंडक्टर तोच होता.

सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं मी सांगितलं, "गुहा नव्हतीच, भाऊ. मास्तर पाळीच्या झोपडीत होते. सोनीने वाचवलं त्यांना."