सर म्हणाले, तू पुढे चाल

मे महिन्यातला रविवार. एसटीने मनोरच्या पुढे हायवेवर उतरवलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि समोर आशेरीचा गड उभा होता. साठ सालानंतरची गोष्ट आहे, नेमकं वर्ष विचारू नका... पालघरच्या शाळेत मी नुकतीच नोकरीला लागले होते एवढं आठवतं.

गावात आमचं एक गिर्यारोहण मंडळ होतं. मंडळ म्हणजे सात-आठ माणसं, मिलिटरीच्या जुन्या पाठपिशव्या आणि या सगळ्यांचे पुढारी असलेले चित्रकलेचे सर. सर फारच कमी बोलायचे. 'ट्रेक' हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आम्ही हाइकला जायचो.

माझी ही पहिलीच हाइक. खरं सांगायचं तर आशेरीशी मला काही देणंघेणं नव्हतं. महिनाअखेरीला मंडळ हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार होतं, शिधा आणि भांडी पाठीवर घेऊन, आणि मला तिथे जायचं होतं. "आशेरीवर बघू," एवढंच सर म्हणाले होते. घरी अण्णांनी बजावलं होतं की सर स्वतः नेतो म्हणाले तरच जायचं. म्हणजे परीक्षाही एकच आणि परीक्षकही एकच.

जंगलातली वाट सुरू झाली. साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर दादाची पिशवी... थोड्या चढानंतर सर थांबले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "तू पुढे चाल."

मी हवेतच! पहिल्याच हाइकला पुढारीपण! मुरलेली मंडळी मागे आणि मी पुढे. आमच्यातला मनोहर, रेल्वेत तिकीट-क्लार्क होता, तो एकदा अगदी माझ्या टाचेशी आला तेव्हा मी वळून त्याला म्हटलंसुद्धा, "घाई करू नका, मागेच राहा." तो बिचारा "बरं" म्हणाला.

वाटेत डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. बाजूला होऊन तिने आमची वरात बघितली. "बाय पुढं नि सगळे बाप्ये मागं! असं आमी कदी पायलं नाय," ती म्हणाली. मी आणखी ताठ झाले.

वर पोचलो. कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी होतं, गार. सगळे सावलीला टेकले, शिदोऱ्या सुटल्या. मी मनोहरला सहज विचारलं, पुढे कोणी चालायचं हे सर कसं ठरवतात?

"सगळ्यांत हळू चालणारा पुढे," तो भाकरी मोडत म्हणाला. "मंडळाचा नियमच आहे. त्याला कोणी ओलांडायचं नाही, म्हणजे कोणी मागे राहत नाही. मीपण पहिल्या दोन हाइकना पुढेच होतो."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. आख्खा डोंगर मी ज्या ऐटीत चढले होते ती ऐट, मनोहरला दिलेला हुकूम, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि हरिश्चंद्रगड? तो तर तिथेच संपला असं मी धरून चालले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं.

उतरताना मी हट्टाने मध्ये घुसले. मला कोणी काही म्हणालं नाही. ऊन चढलं होतं, खालून झळा येत होत्या. मनोहर पुढे, सर नेहमीप्रमाणे शेवटी.

थोड्या वेळाने मागे सरांची पावलं वाजेनाशी झाली. वळून पाहिलं तर सर बरेच वर राहिले होते. पोटरीत गोळा आला असावा, एक पाय टेकताना तोंड वाकडं होत होतं. आम्ही थांबलो. सर आले, "चला" म्हणाले. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. सगळ्यांना दिसत होतं. पण नियम ज्यांनी केला त्यांनाच तो कोण सांगणार? जो तो आपापल्या बुटांकडे बघत उभा.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मी बोलले. मला आता गमवायचं काही उरलं नव्हतं...

"सर, तुम्ही पुढे चाला."

कोणी हललं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले की काय, कळेना. मग आमच्या बाजूने एकेक पाऊल टाकत ते सगळ्यांच्या पुढे गेले. आम्ही मागे. पायथ्यापर्यंत त्यांना कोणी ओलांडलं नाही. मनोहर तर इतका सावकाश चालत होता की जणू त्याचाच पाय दुखतोय.

हायवेवर झाडाखाली एसटीची वाट बघत बसलो. सर पोटरी चोळत होते. गाडी लांबवर दिसली तशी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हरिश्चंद्रगडावर पहाटे गारठा असतो. स्वेटर घे."

बस, एवढंच. घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघून हसत होते.

सर जाऊन आता खूप वर्षं झाली. परवा आम्ही सगळे केळव्याला गेलो होतो. किनाऱ्यावर फिरताना सूनबाई थांबली आणि सहज म्हणाली, "आई, तुम्ही पुढे व्हा ना."

तिला आमचा नियम कुठून माहीत असणार... मला मात्र अर्थ लगेच कळला, आणि या वेळी लाज वाटली नाही. मी पुढे झाले. अगदी सावकाश चालले, आणि मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत राहिले.