प्रबंधातले जड शब्द

परभणीत विद्यापीठाच्या फाटकासमोर एक ताई प्रबंध टाइप करून द्यायच्या. शिकल्या होत्या दहावी, पण त्यांच्या हाताखालून कित्येक डॉक्टर झाले होते. ‘इंग्रजी बाळबोध आहे’ म्हणून कपाशीवरच्या अळ्यांवरचा माझा प्रबंध मार्गदर्शक सरांनी दोनदा परत केला होता आणि जमा करायला एकच दिवस उरला होता.

ताईंनी चष्मा कपाळावर सारून पहिलं पान बघितलं.

“दादा, ‘फाइंड आउट’ सर कापतेत. ‘इन्व्हेस्टिगेट’ टाकते. ‘कॅरी आउट’ला ‘कंडक्ट’. जड शब्द दिसला की सर खूश.”

“अर्थ तोच राहतो ना?”

“अर्थाचं आजवर कुणी विचारलं न्हाई.”

संध्याकाळपर्यंत माझ्या कपाशीवरच्या अळ्यासुद्धा विद्वान वाटू लागल्या. शेवटी आभाराचं पान आलं. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी बिडी सोडली, हे सांगताना मी ‘गिव्ह अप’ लिहिलं होतं. मी घाईनं म्हणालो, “इथं ‘रेलिंक्विश’ टाका.”

ताईंनी की-बोर्डवरून हात काढला. “वडलांनी बिडी सोडली ना, दादा? मग राज्य सोडल्यागत कशाला लिहायलात?”

प्रबंध मंजूर झाला. सरांनी लाल रेघ फक्त आभारातल्या ‘गिव्ह अप’खाली मारली होती. सरांची तेवढी एकच दुरुस्ती मी केली नाही.