४३१७ नंबरचे दोघं

२००४ साली आमच्या लॅबच्या दोन शाखा होत्या. महाडला मी, पोलादपूरला नूतन उतेकर. नूतन डोंगरातल्या वाडीवरची, बारावी झालेली. रोज तासभर चालत डांबरी रस्त्याला यायची. बोलणं कमी, पण एकदा पाहिलेला पेशंट विसरायची नाही.

दोन्हीकडे एकेक सर्व्हर होता. दोन्हींवर सगळ्याच पेशंटांची नोंद असायची; टेलिफोनच्या तारेवरून दर दहा मिनिटांनी दोन्ही सर्व्हर आपल्या नोंदी एकमेकांशी जुळवून घेत. नवा पेशंट आला की शेवटच्या नंबरात एक मिळवायचा, बस्स. ही सोय मीच बसवली होती.

मार्चमध्ये रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. दोन दिवस सर्व्हरांची गाठ पडली नाही, पण काम थांबलं नाही. दोन्ही सर्व्हर ४३१७ पासून आपापले पुढे मोजत राहिले. तार जोडल्यावर नोंदी मिसळल्या. एका नंबरावर दोन पेशंट आले, तिथं नाव आधीच्याचं राहिलं आणि निकाल मात्र नंतर भरलेला तेवढा टिकला. स्क्रीनवर साधी सूचनासुद्धा आली नाही.

महाडच्या एक पेशंट आनंदीबाई रिपोर्ट न्यायला आल्या, तर त्यांच्या नंबरापुढे नाव होतं कुणा गोमाजीचं. टायपिंगची चूक समजून मी पेनानं नाव बदललं आणि कागद देऊन टाकला.

तार जोडल्यावर चौथ्या दिवशी नूतनचा फोन आला. "किरणदादा, तपासणीच्या वहीत क्षयाचे पाच हायत. कॉम्प्युटरात चारच."

"वहीत चुकलं असेल. कॉम्प्युटर चुकत नाही."

"वहीतला पाचवा गोमाजी. खोकत होता, मी बघितलाय. आणि मीच त्याला 'काय नाय' म्हणून कागद दिलाय." तिनं वहीतला त्याचा नंबर वाचला. "४३१७ तुमच्याकडं कुणाला दिलाय का?"

मी आनंदीबाईंची पावती काढली. नंबर ४३१७.

असे अडतीस नंबर निघाले, प्रत्येकात एकाचा निकाल पुसला गेलेला. नूतन वाडीवाडीनं फिरली, सदतीस माणसं परत तपासायला आणली. गोमाजी मात्र मुंबईला गेला होता, एका खोलीत नऊ जण राहत तिथं.

"बरा हाय म्हनून कागद दाखवला नि गेला गो," त्याची बायको तुळसा म्हणाली. तिच्याकडे पत्ता नव्हता.

परतल्यावर नूतन मला म्हणाली, "गावात दोन गोमाजी असले तर आम्ही मागं वाडीचं नाव लावतो. नंबराला पन लावा की, कुठला ते."

मी त्याच दिवशी प्रत्येक नंबराआधी शाखेचं अक्षर जोडलं. तार तुटली तरी आता एक नंबर दोघांना जाणार नव्हता.

गोमाजी जूनमध्ये सापडला, मुंबईच्या सरकारी दवाखान्यात, निम्मा होऊन. तो वाचला. खोलीतल्या आणखी दोघांनाही क्षय निघाला. तिसरा एक खोकणारा आधीच खोली सोडून गेला होता. त्याचं पूर्ण नाव कुणाला ठाऊक नव्हतं, महाडजवळच्या पाचाडकडचा, एवढंच.

नूतननं पुढचे चार रविवार पाचाडच्या आसपासच्या वाड्या पालथ्या घातल्या. तो सापडला नाही.