‘सख्खी’ या शब्दावरून

आमची लेक घरी आली तेव्हा तिला अजून चालताही येत नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकमधल्याच एका अनाथाश्रमातून आम्ही तिला आणलं. सिडकोतल्या आमच्या छोट्या घरात तोवर तिघंच होतो, मी, नवरा आणि सासरे. सासरे चांदवडला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. येताना कपडे थोडे आणि पुस्तकंच जास्त. त्यातला जाडजूड शब्दकोश टीव्हीशेजारी मानानं बसलेला असायचा.

लेक आली त्या संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीभर फिरले. प्रत्येक दारात त्यांचा खणखणीत मास्तरी आवाज, "नात आली आमच्याकडे! दत्तक घेतलीय." मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होते. दरवेळी तो शब्द कानावर आला की मला कसंतरीच व्हायचं.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "बाबा, नात आली एवढं सांगून भागलं नसतं का?"

"का? दत्तक म्हणण्यात वाईट काय आहे?" त्यांनी लगेच कोश उघडला. "दत्त म्हणजे दिलेला. ही आपल्याला दिली गेलीय. यापेक्षा चांगला शब्द सापडेल का?"

"कोशात चांगला असेल हो. पण बायका तो आवाज खाली करून म्हणतात."

"म्हणून तर आपण मोठ्यानं म्हणायचा."

हा वाद पुढं कित्येक वर्षं चालला. मेथी निवडताना, बँकेतल्या नोकरीवरून मी दमून आल्यावर चहा पिताना, कधीही. त्यांचं म्हणणं, अर्थ कोशात असतो. माझं म्हणणं, अर्थ म्हणणाऱ्याच्या आवाजात असतो. नवरा मधे पडायचा नाही, पेपर आणखी वर धरायचा. लेकीला मात्र आपण या घरात कशा आलो ते सगळं ठाऊक होतं. झोपताना आजोबांना म्हणायची, "मला आणलं तेव्हाचं सांगा." आणि पेढ्यांपर्यंत गोष्ट आली की खुदकन हसायची.

ती चौथीत असताना आम्ही मनमाडला एका लग्नाला गेलो. तिथं सासऱ्यांची चुलत बहीण भेटली. तिनं लेकीची हनुवटी धरली, हातात लाडू दिला आणि मायेनं म्हणाली, "लय गोड हाय पोरगी. सख्खी असती तर अजून काय पाहिजे व्हतं!"

येताना एसटीत लेक खिडकीबाहेर बघत बसली. एरवी नाशिक येईपर्यंत तिची बडबड थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत ती कोश मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली दिसली. ‘सख्खा’ शब्दावर बोट ठेवून तिनं वाचलं, एकाच आईबापांचा, रक्ताच्या नात्याचा. मग मान वर करून विचारलं, "आजोबा, म्हणजे मी तुमची सख्खी नाही?"

त्यांनी ‘आहेस’ म्हणून मोकळं व्हावं, असं मला फार वाटलं. त्यांनी चष्मा काढला. "या पुस्तकाप्रमाणं नाहीस," ते म्हणाले.

मी तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आले. "बाबा!"

"अगं, तिनं अर्थ विचारलाय. तिला खोटा सांगू?"

लेक रडायला लागली. सासरे खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली बसणं सोपं नव्हतं.

"शेजारच्या काकूंना आई काय म्हणते?"

"सख्खे शेजारी."

"मग त्या आणि आई बहिणी आहेत का?"

ती रडता रडता हसली. "नाही!" मग जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे पुस्तक चुकलं?"

ज्या माणसानं आयुष्यभर मुलांना कोश दाखवून गप्प केलं, त्यानं तिच्या मांडीवरचा कोश मिटला. "कमी पडलं," ते म्हणाले.

"मग मी कोणती नात?"

"कोणती म्हणजे? नात. त्याच्या मागं काही लावायला लागत नाही." लेकीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. माझ्या हातावरची कणीक वाळून गेली होती.

नंतर मला म्हणाले, "तुझं खरं होतं. तोच शब्द, पण ताईच्या तोंडून टोचला." मी म्हटलं, "आणि दत्तक शब्दाला ती कधी रडली नाही, हेही खरंच."

दिवाळीत त्या लग्नात भेटलेल्या आत्याबाई आमच्याकडे आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. त्या गोंधळून गेल्या. "आरं, मी तर कौतुक केलं व्हतं पोरीचं!" डोळ्याला पदर लावून त्या बाहेर आल्या. लेक मांडीवर बसण्याच्या वयाची राहिली नव्हती, तरी तिला ओढून घेतलीच, आणि जेवणाची ताटं वाढेपर्यंत सोडली नाही.

लेक कॉलेजात गेली तेव्हा सासऱ्यांना ऐकू कमी यायचं. त्यामुळं दोघांची भांडणं गल्लीला ऐकू जायची. एकदा मी पानं वाढून हाका मारत होते, "चला, वरण थंड होतंय."

"थंड नाही, गार!" सासरे आतून ओरडले. "थंड माणूस असतो!"

"मग थंड पेय कसं म्हणतात हो आजोबा?"

"ते दुकानदार म्हणतात!"

"दुकानदार मराठी बोलत नाहीत का?"

मी त्या दोघांच्या ताटांवर ताटल्या झाकल्या आणि नवऱ्याला म्हटलं, "आपण बसू या."